मिठाची काच

माझा मुलगा गुणवंत पोळ्याला चार दिवस म्हणून घरी आला आणि वैनगंगेच्या पुरानं त्याला अकरा दिवस अडकवून ठेवलं. आरमोरीकडच्या आमच्या गावातून नागपूरला जायचं तर नदी ओलांडून ब्रह्मपुरीची रेल्वे गाठावी लागते, आणि नावाड्याचा डोंगा बंद. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. सोळा एकर धान, मी आणि सून इंदू. हा मात्र कॉलेजात यंत्रापुढे बसतो.

"स्पिरिटाचे बारीक कण एकमेकाचा हात धरून राह्यते, माय. लय पातळ केलं का सुटते. डोळ्याले न दिसणारा उजेड त्यातून सोडला का समजते, कोण धरून हाय अन् कोण सुटला."

"बायकोचा हात सोडून दारूचे हात पाहून राह्यला!" मी म्हटलं. इंदू चुलीकडे तोंड करून हसली.

त्याच्या पेटीत यंत्रात ते स्पिरिट धरायच्या दोन गोल काचा होत्या, परदेशातून आलेल्या, घासून लख्ख करायला आणलेल्या. महिनाअखेर त्यांतून शेवटची मापं घेतली नाहीत, तर यंत्रावरची त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती. "कोणी हात लावू नका," एवढंच तो म्हणाला. माझ्या घरात, मला!

दमट हवेनं काचा धुरकटल्या. दोन दिवस तो कापडानं घासत बसला. दहाव्या दिवशी तो घाटावर पाणी बघायला गेला, तेव्हा मी त्या उचलल्या.

"आत्याबाई, राहू द्या ना," इंदू म्हणाली.

"भांडी घासण्यात जन्म गेला माझा."

राखेनं चोळून घमेल्यात भिजत घातल्या. गाईला पेंड घालून आले, तर तळाशी बोराएवढे दोन खडे. बोट चाटून पाहिलं. मीठ.

गुणवंत आला, घमेल्यात बघत उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मीच ओरडले, "मीठ हाय म्हणून काऊन नाई सांगितलं? पावसाळ्यात मीठ कसं ठेवावं ते मले ठाऊक नाई? चुलीवरच्या शिक्यात ठेवलं असतं!"

"तुले समजन असं वाटलं नाई," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डोंगा सुरू झाला. मी त्याची पेटी भरून ओसरीवर आणली. "ऊठ. मी येतो संगं. म्या धुतल्या म्हणून तुया कॉलेजातल्या सरले सांगतो."

"तुया सांगण्यानं काचा येते का?"

त्यानं पेटी उचलून आत नेऊन ठेवली. आमचा सालदार लटारू अंगणात होता, त्याला म्हणाला, "लटारूभाऊ, निंदणीले मीबी येतो उद्यापासून."

मग माझ्याकडे वळला. "हेच पायजे होतं ना तुले, माय?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय नाही मला. मिटून घेतलं.