बिनडोळ्यांची पलटण

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक अख्खी पलटण उभी आहे. अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक. चिलखतं, ढाली, बुटांवरचा चिखलसुद्धा रंगवून झालाय. फक्त डोळे राहिलेत.

टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतले हे सैनिक. माझा धाकटा भाऊ स्वानंद पुण्यात तो खेळ खेळतो. त्यानं एकदा एक खोका रंगवायला पाठवला आणि मी, परंड्याच्या शाळेतली चित्रकलेची बाई, त्या नादाला लागले ती लागलेच. नाद महागाचा आहे. बोटाएवढ्या बाटलीतला रंग परदेशातून येतो, आणि एका ब्रशच्या किमतीत घरातलं महिन्याचं गोडेतेल येईल. मी रंग थेंबाथेंबानं वापरते आणि ब्रशला कुणाला हात लावू देत नाही.

दिवाळीनंतर डोळे चुकायला लागले. बुबुळाचा ठिपका द्यायला जावं तर तो गालावर. ब्रशचं टोक नेमकं कुठं टेकतंय याचा अंदाजच येईना. आधी मी ब्रशला शिव्या घातल्या आणि नवा मागवला. मग उजेडावर खापर फोडलं आणि भिंग बसवलेला दिवा घेतला. तेवढ्या पैशात डोळ्यांच्या डॉक्टरकडे चारदा जाऊन आले असते, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. दिवा आला, तरी ठिपका गालावरच. मग मी डोळे काढणंच सोडून दिलं. काढलेच नाहीत तर चुकतील कसे?

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, भूमला मास्तर होते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं गेली, इतकी हळू की कुणाला पत्ता लागला नाही. शेवटी समोरचं दार तेवढं दिसायचं, मग तेही दिसेनासं झालं. आता ते माझ्याकडे असतात. हा रोग घराण्यात उतरतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

परवा शाळेतून येताना डाव्या अंगानं आलेली मोटारसायकल मला दिसलीच नाही. तिचा आरसा पदराला घासून गेला तेव्हा कळलं. आज सकाळी, चष्म्याचा नंबर काढून येते, असं अण्णांना सांगून मी बार्शीची एसटी धरली.

दवाखान्यात कडेची नजर तपासायला एका डोळ्यावर पट्टी लावून मला पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायला बसवलं. नजर मधोमध ठेवायची आणि बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं सुरळीत झालं. दिवा चमकताना यंत्रातून बारीक टक् आवाज येत होता, तिकडं माझं लक्षही गेलं नाही.

मग डावा डोळा. टक्. दिवा नाही. टक्. पुन्हा काही नाही. मी डोळा ताणून बघत राहिले. आवाज येत होते, म्हणजे दिवे लागत होते, आणि माझ्यापुढं नुसतं पांढरं. पुढचा टक् झाला आणि माझा अंगठा आपोआप दाबला गेला. त्यानंतर मी प्रत्येक आवाजाला बटण दाबलं.

तिथली मुलगी म्हणाली, थोडं चुकलंय, पण नव्या माणसाचं होतंच तसं, बाकी बरं दिसतंय. डॉक्टर पुढच्या आठवड्यात बघतील. मी तिचे आभार मानले. मग परतीची एसटी धरली.

घरी अण्णा खुर्चीत बसून एक सैनिक बोटांनी चाचपत होते. नुसता नंबर काढला की वाडग्यातबी बसवलं, असं त्यांनी विचारलं.

"बसवलं. रिपोर्ट चांगला आहे, अण्णा."

सैनिकाच्या चेहऱ्यावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"त्या यंत्रातून टक् टक् आवाज येतो का गं अजून?"

येतो, असं मी म्हणाले.

"मी त्या आवाजावर दाबायचो," अण्णा म्हणाले. "लई भ्यालो होतो. दोन वर्षं माझा रिपोर्ट चांगलाच येत होता."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग सैनिक माझ्या हातात देत ते म्हणाले, "उद्या परत जाऊ. मी येतो संगं. खोटं दाबलं म्हणून सांग त्यांना. अन् या वेळी कानात कापूस घाल."

मी सैनिक ठेवायला कपाट उघडलं. सगळी पलटण माझ्याकडे तोंड करून उभी होती. खालच्या फळीवरचा कापूस घेतला आणि पर्समध्ये ठेवला.