पंचफुला हजर आहे

मित्रांनो, मी एक जुनी दाखलखारीजची वही आहे. शाळेत मूल आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, धर्म, जन्मतारीख माझ्यात दाखल होते. शाळा सोडून गेलं की कारण लिहून ते नाव खारीज होतं. यवतमाळच्या एका छापखान्यात माझी शिवण झाली. पाठीला लाल कापड, पुठ्ठा जाड, आणि खळ अशी चिकट की झुरळांची चंगळ. तिथून पुसदकडच्या एका लहान गावच्या शाळेत मी आले आणि गुरुजींच्या टेबलावर कायमची बसले.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. होणार नाही तर काय? माझ्या पानांवर गावातली निम्मी पोरं एक जुलैलाच जन्मली आहेत. आईला तारीख विचारावी तर ती म्हणे, "नाल्याले पूर आलता ना जी, त्या साली." पुराची तारीख कोणाला ठाऊक? मग गुरुजी टाक दौतीत बुडवून लिहीत, एक जुलै. असलं खोटं वर्षानुवर्षं पोटात घातल्यावर मी कोणाचं खरं मानू?

एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात शाळेत एक कागद आला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आता गावातल्या मुलींनाही लागू, सहा ते अकरा वर्षांच्या सगळ्या मुली दाखल करा, असं त्यात होतं. तोवर माझ्यात मुली किती? पाटलाची एक आणि दुकानदाराची एक. सदाशिवराव गुरुजी मला काखेत मारून घरोघर निघाले. जावं तिथं उत्तर ठरलेलं, "आमच्या घरी पोरगीच नाही जी." आणि मागं दोरीवर इवलासा परकर वाळत घातलेला. गुरुजी परकराकडे बोट दाखवत, तेव्हा कुठे नाव निघे.

शेवटी आम्ही गावाबाहेरच्या वस्तीत उकंडाच्या दारी गेलो. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून त्यानं गावकीची कामं सोडली होती. त्यामुळे गाव त्याच्यावर डूख धरून होतं आणि तो गावावर.

"मुली किती?" गुरुजींनी विचारलं.

"कायले पाह्यजे?"

"सरकारचा कायदा आहे. नाव लिहायचंय."

"नाव लिवलं का माणूस अडकते, गुरुजी. माह्या बाचं नाव असंच यादीत होतं. जलमभर फुकट वेठ केली त्यानं."

गुरुजी हलेनात. उकंडाची बायको इंदूबाई दारात उभी होती, तिच्यामागं कोणीतरी लपलं होतं. अंगणात खुंटीला काळी बकरी बांधलेली, तिच्या पाठीवर पाच पांढरे ठिपके. उकंडानं बकरीकडे पाहिलं.

"लिवा. पंचफुला."

"वय?"

"असन सात वर्साची."

"धर्म?"

"बौद्ध. ठसठशीत लिवा."

इंदूबाईनं तोंडाला पदर लावला. मला तेव्हाच शंका आली, पण वहीला विचारतो कोण? गुरुजींनी लिहिलं, पंचफुला उकंडा, जन्म एक जुलै बावन्न. धर्माचा रकाना तेवढा खरा होता.

शाळा उघडली. गुरुजी रोज पटावरून नावं पुकारत, पंचफुलाच्या नावाला कोणीच ओ देईना. दोन आठवड्यांनी निरोप आला की सक्तीवाला साहेब तपासणीला येणार. गुरुजी धास्तावले. त्या दिवशी ते जरा जोरातच ओरडले, "पंचफुला!"

बाहेरून आवाज आला, "बेंऽऽ!"

आणि पाच ठिपक्यांची बकरी दुडदुडत वर्गात शिरली! तिला तिच्या नावानं कोणीतरी हाक मारली होती, ती बिचारी आली. पोरं हसून लोळली. मागून धापा टाकत एक सात वर्षांची मुलगी आली, बकरीचं दावं धरलं आणि वळता वळता फळ्याकडे पाहतच राहिली.

"ही बकरी कोणाची?" गुरुजींनी विचारलं. "आणि तुझं नाव काय?"

मुलीनं बकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती हुशार होती. या वहीत एक जागा रिकामी आहे आणि ती आपल्याच घरची आहे, हे तिला कळलं.

"पंचफुला," ती म्हणाली. "हजर."

गुरुजींना सगळं उमगलं. तरी त्यांनी तिला बसवून घेतलं. मायेनं की साहेबाला आकडा दाखवायला, हे मला आजवर कळलेलं नाही. मी गुरुजी आणि पोरगी, दोघांनाही खोटारडे ठरवून मोकळी झाले.

तिचं खरं नाव सत्यशीला. दीक्षेनंतर बापानं हौसेनं ठेवलेलं. रोज ती बकरी शाळेच्या लिंबाला बांधायची आणि आत येऊन बसायची. चौथ्या दिवशी उकंडाला सुगावा लागला. तो तणतणत आला, पण आत शिरला नाही. खिडकीच्या कडेला उभा राहून पाहत राहिला. तो लहानपणी याच शाळेत चार महिने आला होता. त्याला दाराबाहेर जोड्यांपाशी बसवत आणि पाणी वरून ओतत. आता तो पोरगी कुठे बसली आहे ते पाहत होता. ती तरटपट्टीवर मधोमध बसली होती. सुट्टी झाली, तिनं पाणी मागितलं. गुरुजींनी गडवा भरून तिच्या हातात दिला. उकंडा तरीही हलला नाही. गुरुजी तो गडवा नंतर राखेनं घासतात का, हे त्याला पाहायचं होतं. नाही घासला. तेव्हा त्यानं बकरी सोडली आणि मुकाट्यानं चारायला घेऊन गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याहून संशयी माणसं असतात, आणि त्यांना तसा हक्कही असतो.

पोरं तिला बेंऽऽ करून चिडवत. ती रडली, पण एक दिवसही चुकली नाही. बघता बघता चौथी पास झाली. त्रेसष्ट साल उजाडलं. पुढं पुसदला पाचवीत जायचं, तर माझ्यावरून दाखला हवा. दाखल्यावर येणार पंचफुला.

"मले बकरीचं नाव घेऊन नाही जायचं, बा," ती म्हणाली.

पण माझ्यात खाडाखोड चालत नाही. नाव बदलायचं तर बापानं साहेबासमोर कबूल करायला हवं की सरकारला खोटं सांगितलं. "अन् जेलात टाकलं तं?" इंदूबाई घाबरली. उकंडा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी साहेब आला, तेव्हा तो स्वतःहून पुढं झाला.

"नाव खोटं हाय, सायेब. पंचफुला बकरी हाय."

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "खोटं का सांगितलंस?"

"माह्याआधी मायचे तीन लेकरं मेले. मी झालो तं तिनं मले उकिरड्यावर लोळवलं अन् उकंडा नाव ठेवलं. मरणाले वाटलं, हा कचरा कायले न्या? असा वाचलो मी. मंग पोरीले वाचवाले म्याबी तेच केलं. सरकार तिले कुठं नेते, मले का ठाव होतं?"

"आणि आता खरं बोलतोस कशावरून?"

"तिलेच लिवाले सांगा."

साहेबानं लाल शाईचा टाक पुढं केला. पंचफुलावर आडवी रेघ मारून सत्यशीलानं शेजारी आपलं नाव लिहिलं. 'शी' दीर्घ, अगदी बिनचूक. खाली उकंडाचा अंगठा आणि साहेबाची सही. इतक्या वर्षांत माझ्यात नाव नेहमी दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं होतं. मुलीनं स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं ते पहिल्यांदाच. मला भरून आलं. शाळा सोडण्याच्या कारणात गुरुजींनी लिहिलं, पुढील शिक्षणासाठी.

आज मी पेटीत पडून आहे. कसरीनं माझ्या कडा खाल्ल्या आहेत. कोणी उघडलंच, तर एकोणसाठ सालचं पान तेवढं काढा. तिथं बारा मुली आहेत. तांड्यावरच्या रामधनची जमनी पाहा. नाव खरं, बाप खरा, अक्षर वळणदार. ती सगळी वर्षं कापूस वेचत होती. बाकीच्या दहांचंही तेच. साहेब आला की तेवढ्या दिवशी त्यांना धुऊन-पुसून आणून बसवत. एरवी त्यांच्या दारी जाऊन कोणी हाका मारल्या नाहीत.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. आमच्यासारख्या वह्यांवर विश्वास ठेवू नका. नाव वाचलं की मान वर करून समोर मुलगी बसली आहे का, ते पाहा. त्या साली माझ्यात अकरा नावं खरी होती आणि एक खोटं. शाळेत आली ती खोट्या नावाचीच.