श्वासनळीतले केस

नवा मध्य प्रदेश झाला त्या साली प्रभाकर मास्तरांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आला. त्यांनी आधी आईलाच, सोजरबाईला, बोलावून दाखवला. काचेवर माणसाच्या श्वासनळीचा पातळ काप होता.

तिनं तोंडातला गुळाचा खडा गालात सारला आणि डोळा लावला. कडेला बारीक केस उभे होते.

“अगं बाई, किती कापूस चिकटलाय मेल्याला! गूळ खात नसेल.”

वीस वर्षं सरकी काढायच्या जिनमध्ये कापूस लोटताना ती रोज गुळाचा खडा चघळायची. त्यानं छाती धुऊन निघते, असं सगळ्याच बाया म्हणत.

मास्तरांनी दुसरी काच लावली. कड अगदी गुळगुळीत.

“हा बघ कसा साफ! गूळ खाणारा दिसतो.”

“माय, ते केसच धूळ बाहेर लोटतात. पहिला धडधाकट होता. हा जिनमधला, खोकून खोकून गेला.”

सोजरबाईच्या तोंडातला खडा तसाच राहिला.

“मग वीस वर्षं मी काय धुतलं रे?”