दुपारचं रक्त

रक्तातले जंत मोजणं हे माझं काम. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि वळवळणारा एकेक जंत मोजत जायचा. डोळे मिटले तरी ते पापण्यांच्या आत वळवळत राहतात, जेवताना, आंघोळ करताना, कधीही. होते सवय, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या खुर्चीत येऊन बसावं.

मला आत्यानं वाढवलं. ती कपडे शिवते आणि पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करते. अलीकडे तिची नजर चालली होती, कारण दुसऱ्याच एका जातीचे जंत डोळ्यांत शिरले होते. त्यांच्यावर गोळी आहे. पण रक्तातले जंत फार असतील तर त्याच गोळीनं तेही एकदम मरतात, मेंदूतल्या बारीक नसा तुंबतात आणि माणूस हातचं जातं. म्हणून आधी मोजणी, मग गोळी. तीही दुपारच्याच रक्ताची, कारण रात्रभर हे जंत फुप्फुसात दडून बसतात आणि ऊन चढलं की रक्तात उतरतात. हे सगळं मीच तिला हौसेनं समजावलं होतं.

"सुईत दोरा ओवता येईना गं," ती म्हणायची. "काय ते लवकर मोज, मोजणीबाई."

घरच्यांचं रक्त आपण काढायचं नाही, असा आमच्याकडे नियम. म्हणून माझा सहकारी तिच्याकडे जाऊन आला. थेंबात जंत जवळजवळ नव्हतेच. मला इतका आनंद झाला की खुर्चीतच रडू फुटलं. संध्याकाळी मीच तिला गोळी नेऊन दिली आणि सकाळी खाऊन घे म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता सहकारी म्हणाला, "तुमची आत्या भारी आहे हं! मी पोचलो तेव्हा दात घासत होती. म्हणाली, आलाच आहेस तर आत्ताच टोच आणि मोकळा हो."

"अरे, काचपट्टीवरच्या चिठ्ठीवर तर दुपार लिहिलंयस!"

"एवढं चालतं हो."

त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या, पण तेवढा वेळ कुठला? छोटा सूक्ष्मदर्शक पिशवीत कोंबला आणि पळत सुटले.

आत्या मशीनवर बसली होती.

"आत्या, गोळी कुठाय?"

"घेतली की सकाळीच. धापा का टाकतेयस?"

हॉस्पिटलला फोन करून गाडी मागवली. मग तिच्या बोटाला टोचलं. भिंगाखाली नुसता बुजबुजाट होता. इतके मी कुणाच्याच रक्तात पाहिले नव्हते.

"खूप आहेत का गं?" तिचा आवाज एवढासा झाला होता.

"फसवलंस मला!" मी ओरडले.

"तुझं तोंड दिसेनासं झालं होतं गं," ती म्हणाली. "काय करू मग?"

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. ज्यांना इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यांनाच मनात विनवू लागले, जगा रे बाबांनो, एकदम मरू नका. तेवढ्यात कडेचा एक वळवळायचा थांबला. मग त्याच्या शेजारचा. गाडी दाराशी येईपर्यंत मी थांबलेले मोजत होते.