माझ्यातली मेथी शेळीनं खाल्ली

"पप्पा, तुमच्या डब्यातली भाजी नक्की कोण खातं?"

संयोगितानं भर जेवणात विचारलं आणि ओट्यावर पालथ्या पडलेल्या मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या! तिच्या वर्गातल्या शिफानं पैजच लावली होती, "हिंमत असंल तर घरात इचारून दाखव की." शिफाचे अब्बा पप्पांच्याच फाउंड्रीत आहेत. त्यांना सगळं ठाऊक.

होय मित्रांनो, मी पप्पांचा, म्हणजे पिराजीरावांचा जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. बारा वर्षं शिरोली एमआयडीसीला जातोय. कडी सैल झालीय, बुडाला पोचे आलेत, पण तक्रार त्याची नाही. तक्रार आहे मधल्या कप्प्याची!

दिवाळीनंतर कंपनीत तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, साखर काठावर आहे, रोज भाजी आणि फळं खा. तेव्हापासून मम्मी पहाटे उठून मेथी निवडते. एकेक काडी, तीनदा धुऊन! आणि दुपारी? दहा जण गोल करून बसतात, माझं झाकण निघतं आणि त्यांच्यातले अमरसिंह ओरडतात, "आला बघा पाला! पिराजी, शेळी झालास काय रं?" सगळे खो-खो हसतात. मग आमचे साहेब मेथी गुपचूप कुंपणापलीकडच्या खऱ्या शेळीला घालतात आणि अमरसिंहांच्याच अंड्याच्या रश्श्यात चपाती बुडवतात!

संध्याकाळी मी रिकामा. मम्मी खूश. "आज बी सगळी संपली!" शेळी तुकतुकीत झालीय आणि पिराजीराव जिना चढताना धापा टाकतात. मी ओरडणार कसा? मला तोंड आहे, पण ते फक्त उघडझाप करायला.

तर, त्या प्रश्नानं पिराजीरावांचा घास हातातच राहिला. "दोस्त हसत्यात गं... शेळीला घालतो," ते पुटपुटले.

मम्मी अर्धं ताट तसंच ठेवून उठली. त्यापेक्षा मला कुणी भिंतीवर आपटलं असतं तर बरं!

पिराजीराव उसळले, "आन् तू गं? तुझी गवार रोज राजवीरच्या ताटात जाती, ते दिसत न्हाय व्हय मला?"

धाकटा राजवीर फिदीफिदी हसला. संयोगिता लालबुंद. मला तिचाही राग आला, खरंच आला! मित्रांनो, भाजी ताटाबाहेर सारायला एक क्षण पुरतो. पण त्यात कुणाची तरी पहाट वाया जाते आणि आपलं अंगही.

संयोगिता घटाघटा पाणी प्यायली आणि उभी राहिली.

"पप्पा, मम्मी, ऐका दोघंबी. उद्यापासून कामाला, शाळेला निघायच्या आधी पप्पा आणि मी एकाच ताटात भाजी खाणार, मम्मीसमोर. एक पान जरी उरलं, तर रविवारचं मटण दोघांनाबी न्हाय. दुपारच्या डब्यात पेरू जाईल. आणि पप्पा, पाचला उठायचं. मेथी आपण दोघं निवडायची. मम्मी, तू झोप."