बुरशीबाबाची जालीम राख

शेजारच्या पॉलीहाऊसमध्ये गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. गेल्या हंगामात तिथली निम्मी स्ट्रॉबेरी करड्या बुरशीने सडली होती. यंदा फळावर डागसुद्धा नव्हता. मधोमध बुरशीवर मंतरलेली राख देणारा बुरशीबाबा हात वर करून उभा होता.

"औषध मारलं? नाही! विष फवारलं? नाही! लेकरांनो, नुसती राख! ती दिसली की बुरशी गाशा गुंडाळते!"

टाळ्या पडल्या. मी मागे उभा राहून ऐकत होतो. बुरशीला ओल आणि कोंडलेली हवा लागते, हे मी शेतीशाळेत अकरा वर्षं शिकवतोय. मुलं जांभया देतात, बाप फिरकत नाहीत. बाबाने मात्र राखेबरोबर पथ्य दिलं होतं. वाळकी पानं खुडा, सडकं फळ रोज लांब नेऊन पुरा, फळांखाली कोरडा पेंढा घाला, पाणी वरून नको, मुळाशीच द्या, सकाळी पडदे उघडा. ते इथल्या सगळ्यांनी अगदी मनोभावे पाळलं. खरं सांगतो, मला शिकवण्याचाच वीट आला होता.

"आणि ही नवी, जालीम राख! हिला पथ्यही नको!" बाबाने पुडी उंचावली.

ती पहिली घेतली माझ्या वहिनीने. दादा परगावी नोकरीला, त्यांच्या पॉलीहाऊसमधले चार वाफे ती एकटी बघते. यंदा फळ सडलं तर रोपं उपटून पॅकिंगच्या कामाला जायचं, असं तिने ठरवलं होतं.

"भावोजी, वाकून वाकून कंबर मोडली हो माझी. राखेने होतंय तर होऊ दे की."

"तीन वाफे राखेला द्या. दाराजवळचा मला. त्यात चिमूटभरही राख नको."

रोज शाळेआधी मी त्या वाफ्यात वाकून बाबाचं जुनं पथ्य पाळायचो. मग आठवडाभर दाट धुकं पडलं. राखेच्या तिन्ही वाफ्यांत फळांवर करडी लव चढली. माझ्या वाफ्यातली दोन फळं गेली, बाकी शाबूत राहिली. गर्दी जमली, बाबाही आला.

"श्रद्धा कमी पडली!" तो गरजला. बोलता बोलता वाकला आणि एक सडकं फळ त्याने देठाला नख लावून अलगद तोडलं. फळाला बोट लागलं नाही, बुरशीची धूळ उडाली नाही. असा हात वर्षानुवर्षं तोडणी करणाऱ्याचाच असतो.

"बाबा, तोडणी किती वर्षं केलीत?"

"चौदा. मुकादम होतो." बोलून गेला आणि मग मटकन खाली बसला. "तेव्हाही हेच पथ्य सांगायचो. कुणी ढुंकून बघितलं नाही. राख दिली, तेव्हा ऐकलं. मग लोक राखच मागायला लागले."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. थोडी स्वतःचीही.

"ऐकलंत ना?" मी लोकांना म्हणालो. "शेजारचं पीक वाचलं ते तुमच्या हातांनी. श्रेय गेलं राखेला. म्हणून वहिनींनी पथ्य सोडलं आणि राख ठेवली. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, त्याच्याबरोबर आणखी काय काय केलं होतं?"

 वहिनीने राखेची पुडी कचऱ्यात टाकली आणि सडकी फळं वेचायला बादली घेऊन पहिल्या वाफ्याशी बसली.

"तीन वाफे तर गेले, भावोजी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एक राहिलाय. आता सांगा पहिल्यापासून. नुसतं सांगा, मी ऐकते."