सात दीड किती?

माझ्या भावाची, दत्तूची, शाळा आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत होती, शेणामातीने लिंपलेली. त्यामुळे कल्याणातल्या कुठल्या पोराला काय येतं नि काय येत नाही, हे त्याच्या आईच्या आधी मला कळायचं. दिवसभर तेच. दत्तू विचारणार, "सात दीड किती?" रांगेतलं पहिलं पोर म्हणणार, "येत नाही." दुसरं म्हणणार, "येत नाही." मग एखादं "साडेदहा" म्हणालं, की त्याने उठून, उत्तर न आलेल्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यायची आणि रांगेत त्यांच्या वर जाऊन बसायचं. ही रीत दत्तूने काढलेली नव्हती. आधीच्या पंतोजींची होती, त्यांच्या आधीच्यांचीही होती. परीक्षा घ्यायला येणाऱ्या डेप्युटींना ती आवडे. पोरांनाही आवडे, म्हणजे मारणाऱ्यांना.

मला नाही आवडायची. पलीकडून फटाफट आवाज आले की माझं चित्त थाऱ्यावर राहत नसे. वाल सोलायला बसले, तर सालं पातेल्यात आणि डाळिंब्या केरात जायच्या. पण बोलायची सोय नव्हती. माझं कुंकू पुसलं गेल्यावर दत्तूनेच मला आपल्याकडे आणलं होतं, आणि त्याची नोकरी हंगामी होती. यंदा राणीच्या जुबिलीचं साल, डेप्युटी जास्तच कडक, असं सगळे म्हणत. शाळा पसंत पडली तर दत्तू कायम, नाहीतर उचलबांगडी. कल्याणातलं आमचं घर त्या एका परीक्षेवर टांगलेलं होतं.

दत्तूची सगळी भिस्त राघोवर. ठाकुर्लीच्या आगऱ्याचं हे आठ वर्षांचं पोर रुळांच्या कडेकडेने चालत शाळेत यायचं. अलीकडे बरोबर थोरला भाऊ भिवाही असायचा. भिवा म्हशी राखून उशिरा शाळेत आला, म्हणून दोघे एकाच इयत्तेत. भिवाच्या डोक्यात पाढे काही शिरत नसत. राघोला मात्र दिडकीच काय, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा झोपेत येई.

आणि नेमका परीक्षेच्या तोंडावर राघो बिघडला. काहीही विचारा, "येत नाही." खाली सरकत सरकत रांगेच्या शेवटी, भिवाच्या मांडीला मांडी लावून बसला. दत्तू आधी समजावू लागला, मग ओरडू लागला, मग जेवेनासा झाला.

एके दिवशी त्यांची आई शेवंती भाताचा पेंढा टाकायला आली, ती परसातच थांबली.

"बाय, माज्या राघोला कायतरी जालंय. मीठमिरच्या ओवाळल्या, देवरुशाला दावला. तरी शालंत गेला का मुका."

"घरीही बोलत नाही का गं?"

"घरा कवा गप रव्हतंय? म्हशीला पाढं ऐकवतंय."

म्हशीला ऐकवतो ते पाढे त्याने दत्तूला का ऐकवू नयेत, हे मला काही केल्या उमजेना. कुडाचं लिंपण एके ठिकाणी पडलं होतं, तिथे मी डोळा लावला. आल्यागेल्याने पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, पण मला राहवेना. दोन दिवस राघो तसाच. तिसऱ्या दिवशी भिवा भात झोडायला घरी राहिला. त्या दिवशी राघोने एकूण एक उत्तर दिलं आणि साऱ्या रांगेच्या अशा काही थोबाडीत दिल्या की मीच गाल चोळला. पोर काही साधुसंत नव्हतं. फक्त भिवावर त्याचा हात उठत नव्हता.

संध्याकाळी मी दत्तूला म्हटलं, "राघोला सगळं येतं. पण उत्तर दिलं की भावाच्या थोबाडीत द्यावी लागते, म्हणून 'येत नाही' म्हणतो."

दत्तूने हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्याचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे, अक्का. परीक्षेच्या दिवशी भिवाला घरी ठेवायला सांगू."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. डोक्यावरचं छप्पर कुणाला नको असतं? पण लगेच माझं डोकं फिरलं.

"भावासाठी ढ व्हायला तयार झालंय ते पोर. आणि तू त्याला भावाशिवाय हुशार व्हायला शिकवणार? याला शाळा म्हणतात का रे?"

दत्तू ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. "आजपासून कुणी कुणाला मारायचं नाही. ज्याला येईल, त्याने न येणाऱ्याला ओटीवर न्यायचं आणि येईपर्यंत शिकवायचं."

त्यानंतरचे दिवस माझा जीव नुसता टांगणीला. शाळेचा मासळीबाजार झाला. पोरांना एकमेकांजवळ बसताच येईना. शिकवणारा जवळ आला की समोरचा आधी हाताने गाल झाकून घ्यायचा. "मग मारायचं कधी?" असं एकाने दोनदा विचारलं. गावात बोभाटा झाला की नवे पंतोजी मऊ आहेत, पोरं वाया जाणार. मी विहिरीवर गेले की बायका बोलायच्या थांबत. मीच हे करून बसले, आता मीच निस्तरणार कशी, या विचाराने मला घास गोड लागेना. पण ओटीवरून राघोचा आवाज यायचा, "सात दीड? आरं, मगाशी तर बोललास," आणि मागून भिवाचा, चाचपडत, "सारेधा." त्याच्या तोंडी तो आकडा पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डेप्युटी आले, पागोटं नि काठी घेऊन. त्यांनी नेमकी औटकी विचारली. "सात औट?" रांग गप्प. भिवा म्हणाला, "येत नाही." त्याला खरंच येत नव्हतं. राघोने भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साडेचोवीस."

"शाबास. मग उभा का? रीत ठाऊक नाही? लगाव त्याला."

मी कुडाला चिकटले. भिवा आपणहून वाकला, धाकट्याचा हात पोचावा म्हणून. डोळे मिटून म्हणाला, "मार रं. मना नाय लागत."

राघोने हात उचलला. गालापर्यंत नेला. आणि भिवाचं मनगट धरून त्याला ओढत ओटीवर घेऊन गेला.

"हे काय चाललंय?" डेप्युटी कडाडले.

"शिकवायला गेलाय, साहेब," दत्तू म्हणाला. "आमच्याकडे आता हीच रीत आहे."

महिना उलटायच्या आत दत्तूची बदली झाली, शहापूरच्याही पुढे, डोंगरात. शाळेत शिस्त नाही, असा शेरा होता. दत्तू मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी भांडी बांधू लागले आणि बांधलेली पुन्हा सोडू लागले.

निघायच्या सकाळी बैलगाडी दारात आली, तेव्हा पलीकडे नवे पंतोजी शिकवत होते. आल्या आल्या त्यांनी जुनी रीत परत आणली होती. मी शेवटचं गाठोडं उचलत होते. दत्तू चूल विझली का ते बघायला आत आला होता.

"सात दीड किती?" नवे पंतोजी गरजले.

"येत नाही," पहिलं पोर म्हणालं. "येत नाही," दुसरं म्हणालं. "येत नाही. येत नाही." साऱ्या रांगेतून तेच. राघोचाही आवाज आला, "येत नाही." पंतोजींची छडी आपटू लागली.

दत्तूचा चेहरा पडला. "अक्का, एकालाही येत नाही?"

मी त्याचा दंड धरला. रांगेत शेवटचा भिवा उरला होता. तो जरा थांबला. मग त्याचा जाडाभरडा आवाज आला, "येत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच तो हे खोटं बोलत होता.